हातोडा आणि नोंदवही

थीम पार्कच्या स्मृतिवस्तूंच्या चार जाती सांगता येतात. पहिली आठवण म्हणून विकण्यासाठीच बनवलेली: बिल्ले, मग, टोप्या, कीचेन. दुसरी वापरून टाकून देण्यासाठी बनवलेली: तिकिटे, नकाशे, पार्किंगच्या पावत्या, मनगटाला बांधायच्या पट्ट्या. तिसऱ्या जातीत उद्यानाच्या अंगाचेच तुकडे येतात, म्हणजे पाळण्याची गाडी, मेरी-गो-राउंडचा घोडा, एखादी पाटी, एखादा पुतळा. चौथी जात कामाची: गणवेश, यंत्र चालवणाऱ्याची सूचनापुस्तिका, दुरुस्तीची वही, आराखडे. पहिल्या आणि तिसऱ्या जातीला तेजीचा बाजार आहे, दुसरीला थोडाफार आहे, चौथीला जवळजवळ नाही. संग्रहालयात काय जावे याविषयीची रूढ समजूत याच उतरंडीवर बेतलेली आहे आणि ती बहुतांशी चुकीची आहे.

समजूत अशी की जी वस्तू दुर्मीळ, जी कोरी करकरीत आणि जिला लिलावात मोठी बोली लागते, ती जपण्यालायक. या तीन कसोट्या एकमेकींचा हात धरून चालतात. दुर्मीळ म्हणून महाग, कोरी म्हणून आणखी महाग, आणि एवढी महाग आहे त्या अर्थी महत्त्वाची असणारच. हौशी संग्राहकाला हा हिशेब पुरतो. पैसा त्याचा, कपाट त्याचे. सार्वजनिक संग्रहालयाने तो जसाच्या तसा उचलला की घोटाळा होतो. संग्रहालयात पन्नास वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाला वस्तूचा भाव नको असतो. ती कोणाच्या हातात होती, तिने काय काम केले आणि तिच्यावरून त्या काळच्या माणसांविषयी काय कळते, हे त्याला हवे असते.

किमतीची कसोटी आधी घ्यावी, कारण तिचाच दबदबा मोठा. तिच्या बाजूने नेहमी पुढे केला जाणारा साक्षीदार म्हणजे डिस्नेलँडचा १९५३ सालचा नकाशा. त्या वर्षीच्या सप्टेंबरात वॉल्ट डिस्ने यांनी चित्रकार हर्ब रायमन यांना बोलावून घेतले आणि शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत, अजून कुठेच अस्तित्वात नसलेल्या उद्यानाचा विहंगम नकाशा त्यांच्याकडून काढून घेतला. थोरले भाऊ रॉय डिस्ने यांना तो घेऊन न्यूयॉर्कला जायचे होते. पैसा उभा करायचा होता आणि दाखवायला हातात दुसरे फारसे काही नव्हते. २०१७ मध्ये हा नकाशा कॅलिफोर्नियातल्या लिलावात ७ लाख ८ हजार डॉलरला गेला.

असा नकाशा संग्रहालयात असायला हवा, याबद्दल दुमत नाही. मतभेद कारणाचा आहे. मुलांसाठी बांधण्याआधी हे उद्यान पैसेवाल्यांसाठी रंगवले गेले होते, हे त्या कागदावर उघड दिसते. १७ जुलै १९५५ रोजी प्रत्यक्ष उघडलेल्या डिस्नेलँडशी तो ताडून पाहिला की काय बांधले गेले, काय गळाले आणि काय जागचे हलले, तेही कळते. हाच कागद रद्दीच्या गठ्ठ्यात सात डॉलरला मिळाला असता, तरी यातले काहीही उणावले नसते. बोली सात लाखांवर गेल्याने त्यात काही भरही पडली नाही.

उलट बाजूचे उदाहरण २०२३ चे आहे. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमधली ‘स्प्लॅश माउंटन’ ही पाण्यातली सफर त्या जानेवारीत बंद झाली आणि लगेच तिथले म्हणून सांगितलेले पाणी बरण्यांत भरून ऑनलाइन विक्रीला आले. पाणी त्या ओढ्याचे की घरच्या नळाचे, हे ठरवायला बरणीशिवाय पुरावा नव्हता. बाजाराचा कौल हाच जर निकष असेल, तर त्या आठवड्यात एखाद्या संग्रहालयाने बरण्या विकत घ्यायला हरकत नव्हती.

बाजाराची बोली म्हणजे समाजाचा सामूहिक निर्णय, असा एक युक्तिवाद केला जातो. तो ऐकायला लोकशाहीवादी वाटतो. पण लिलावात हात वर करणारे लोक साधारण एका वयाचे असतात. ज्यांचे बालपण त्या उद्यानात गेले, ज्यांची मुले आता मार्गी लागली आणि ज्यांच्या हातात पैसा खेळू लागला, अशी ती पिढी. ती सरली की बोलीही उतरते. टपाल तिकिटे आणि चिनी मातीच्या बाहुल्या जमवणाऱ्यांच्या वारसांना हा अनुभव पुरेपूर आलेला आहे. शिवाय टंचाई आता कारखान्यातच ओतली जाते. डिस्नेच्या उद्यानांत १९९९ पासून बिल्ल्यांची अदलाबदल रीतसर सुरू झाली, तशी ठरावीक संख्येत काढलेल्या बिल्ल्यांची मालिकाच निघाली. असा बिल्ला जन्मतःच दुर्मीळ असतो. त्याने काही पाहिलेले नसते, कोणाबरोबर तो कुठे गेलेला नसतो. तो थेट दुकानातून प्लास्टिकच्या पाकिटात आणि पाकिटातून अल्बममध्ये जातो.

दुर्मीळपणाच्या कसोटीचा खरा कस डिस्नेलँडच्या कुपनांपाशी लागतो. सुरुवातीला तिथे प्रवेशशुल्क वेगळे आणि प्रत्येक सफरीचे तिकीट वेगळे होते. १९५५ च्या ऑक्टोबरात ए, बी, सी अशा तीन दर्जांच्या कुपनांची पुस्तिका आली. १९५६ मध्ये डी आले. १९५९ मध्ये मॅटरहॉर्न, मोनोरेल आणि पाणबुडी या तीन मोठ्या आकर्षणांच्या वर्षी ई आले. ए कुपनावर मेन स्ट्रीटवरची घोड्यांची ट्राम मिळे. ई कुपनावर उद्यानातले सर्वांत झगमगते काय ते मिळे. १९८२ मध्ये ही पद्धत बंद होऊन एका प्रवेशपत्रात सगळे मोकळे झाले. पुढच्याच वर्षी अंतराळात गेलेल्या सॅली राइड यांनी आपल्या उड्डाणाची तुलना ई तिकिटाशी केली, आणि ऐकणाऱ्यांना ते समजावून सांगावे लागले नाही. बंद झालेले कुपन बोलीभाषेत मात्र चालूच राहिले होते.

आता घरोघरच्या खणांत काय उरले ते पाहावे. लोक ई कुपने आधी संपवत. पुस्तिकेत ए आणि बी तशीच राहत. पुढच्या खेपेला चालतील म्हणून ती जपली जात आणि पुढच्या खेपेलाही तेच घडे. त्यामुळे ए कुपने आज सहज मिळतात, ई त्या मानाने कमी. बाजार ए कुपनाकडे पाहून नाक मुरडतो. संग्रहालयाने मुरडू नये. ए कुपनांचा हा ढीग म्हणजे लोकांना काय नको होते याची न मागता मिळालेली नोंद आहे. प्रश्नावली न भरता, कोणाला न विचारता जमलेली. यातून एक जास्त अवघड गोष्टही लक्षात येते: काळाच्या ओघात जे भरपूर टिकले ते लोकप्रिय होते असे नाही, आणि ज्याचा मागमूस नाही ते कोणाला नको होते असेही नाही. ज्यावर उड्या पडल्या ते वापरून संपले. कुपनांच्या बाबतीत हे जितके खरे तितकेच नकाशे आणि खाद्यपदार्थांच्या कागदी वेष्टनांच्या बाबतीतही.

याच न्यायाने, पूर्ण कोरी पुस्तिका आणि अर्धी फाडलेली पुस्तिका यांत संग्राहक पहिलीला अनेक पट जास्त मोजेल. संग्रहालयाने दोन्ही समोर आल्यास दुसरी उचलावी. पहिली म्हणजे छापखान्याचा नमुना. दुसरी म्हणजे एका कुटुंबाच्या एका दिवसाचा जमाखर्च: काय घेतले, काय सोडले, कुठे पाय दुखले. तिच्याबरोबर दिवस कोणता आणि कुटुंब कुठून आले एवढे जरी कळले, तरी ती शंभर कोऱ्या पुस्तिकांना भारी.

टोप्यांचेही तेच. मिकी माउसच्या कानांची काळी टोपी ही उद्यानातली सर्वांत सामान्य वस्तू. तिच्यावर मागाल ते नाव दोऱ्याने भरून मिळते. छापील नावांच्या कीचेनच्या स्टँडवर मात्र ठरलेलीच इंग्रजी नावे असतात. न्यू जर्सीत वाढणाऱ्या एखाद्या शंतनूला किंवा अनघाला तो स्टँड कितीही फिरवला तरी उपयोग नसतो. टोपीवर त्यांची नावे उमटतात, बहुधा चुकीच्या स्पेलिंगसह. स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्याला अशी टोपी पुष्कळ काही सांगेल. बिननावाची, न विकली गेलेली टोपी ‘उत्तम अवस्थेत’ असूनही मुकी राहील.

उत्तम अवस्था ही तिसरी कसोटी. तिने सर्वांत जास्त नुकसान मेरी-गो-राउंडच्या घोड्यांचे केले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते १९२० च्या दशकापर्यंत अमेरिकेत लाकडी कोरीव घोड्यांचा बहर होता. फिलाडेल्फियाचा डेंट्झेल कारखाना, कोनी आयलंडचे लूफ आणि इलियन्स ही त्यातली मोठी नावे. पूर्व युरोपातून आलेल्या काही ज्यू कारागिरांनी तर सिनेगॉगमधल्या पवित्र कपाटांवरचे सिंह कोरता कोरता हे घोडे कोरले. घोड्याची बाहेरची, प्रेक्षकांकडची बाजू नटवलेली असे आणि आतली साधी. अमेरिकेतली मेरी-गो-राउंड घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात म्हणून तिथल्या घोड्यांची उजवी बाजू देखणी. ब्रिटनमध्ये ती घड्याळाच्या दिशेने फिरतात म्हणून तिथे डावी. उद्यानात आलेल्या घोड्याला दर काही वर्षांनी तिथलाच रंगारी, मिळेल त्या रंगाचा हात देई. या थरांना जाणकार ‘पार्क पेंट’ म्हणतात. म्हणताना स्वर कौतुकाचा नसतो.

१९७० च्या दशकापासून या घोड्यांना लोककलेचा भाव आला. चालती मेरी-गो-राउंड मोडून घोडे सुटे विकणे हे पूर्ण यंत्र चालवण्यापेक्षा फायद्याचे ठरू लागले. विकण्याआधी पार्क पेंट खरवडून मूळ कारखान्याचा रंग उघडा करायचा किंवा नवाच चढवायचा, अशी रीत पडली. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांचा वापर पुसून घोडा पुन्हा ‘कोरा’ करायचा. कोणाच्या दिवाणखान्यात तो शोभून दिसतो हे कबूल. पण ते थर म्हणजे उद्यानाचीच रोजनिशी होती. कोणत्या साली स्वस्त रंग आला, लगामाच्या जागी किती मुलांच्या हातांनी रंग झिजला, मोडका पाय कोणत्या धातूच्या पट्टीने सांधला, हे सारे त्यांत होते. संग्रहालयात येणाऱ्या घोड्यावर हे थर असतील तर ते दोष म्हणून नव्हे, मजकूर म्हणून नोंदवले पाहिजेत. सौंदर्यासाठी खिडकीएवढा तुकडा उघडून मूळ रंग दाखवता येतो; बाकीचा घोडा तसाच राहू द्यावा.

तीनही कसोट्या एका दमात मोडणारे उदाहरण वॉशिंग्टनमध्ये, स्मिथसोनियनच्या दारातच होते. तिथल्या नॅशनल मॉलवर १९८१ साली आणलेले मेरी-गो-राउंड ऑलन हर्शेल कंपनीने १९४७ मध्ये बनवलेले आहे. कोरीव कामाचा सुवर्णकाळ तोवर मावळला होता. कारागिरीच्या स्पर्धेत डेंट्झेलपुढे ते टिकत नाही. पण ते बॉल्टिमोरजवळच्या ग्विन ओक पार्कमधले आहे. त्या उद्यानात काळ्या लोकांना प्रवेश नव्हता. वर्षानुवर्षे निदर्शने झाली. १९६३ च्या जुलैत तर शेकडोंना अटक झाली आणि त्यांत अनेक धर्मगुरूही होते. अखेर २८ ऑगस्ट १९६३ रोजी उद्यान सर्वांना खुले झाले. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाने गाजलेला मोर्चा निघाला होता. त्या दिवशी या मेरी-गो-राउंडवर बसलेली पहिली काळी मुलगी होती शॅरन लँग्ली, वय अकरा महिने. पुढे १९७२ च्या वादळात उद्यान उद्ध्वस्त झाले; मेरी-गो-राउंड वाचले.

लिलावाच्या सूचिपत्रात या यंत्राचे वर्णन ‘उशिराचे, कारखानी बनावटीचे’ असे दोन शब्दांत संपले असते. त्याचे मोल लाकडात नाही; त्यावर बसायला कोणाला बंदी होती आणि ती कधी उठली, यात आहे. आणि हे मोल वस्तूकडे नुसते पाहून कळत नाही. सोबतची माहिती हरवली तर तेच घोडे इतर कोणत्याही १९४७ च्या घोड्यांसारखे होतील. म्हणूनच निवड करताना वस्तूइतकेच तिच्या वंशावळीला महत्त्व द्यावे लागते. वंशावळ नसलेली देखणी वस्तू आणि वंशावळ असलेली सामान्य वस्तू यांत निवड करायची वेळ आली तर दुसरीच्या बाजूने कौल द्यावा.

वॉशिंग्टनच्याच वेशीवर, मेरीलँडमधल्या ग्लेन एको पार्कात दुसरा धडा आहे. तिथले १९२१ चे डेंट्झेल मेरी-गो-राउंड खरोखरच उत्कृष्ट. ३० जून १९६० रोजी हॉवर्ड विद्यापीठाचे काळे विद्यार्थी त्याच्या घोड्यांवर जाऊन बसले आणि पकडले गेले. पुढच्या वर्षी उद्यान सर्वांना खुले झाले. १९६८ नंतर उद्यान बंद पडले आणि मेरी-गो-राउंड विकले गेले, तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी ८० हजार डॉलर जमवून ते परत घेतले. ते आजही जागच्या जागी आहे. ज्या वस्तूचा अर्थ तिच्या जागेशी आणि फिरण्याशी बांधलेला आहे, ती संग्रहालयात आणू नये, हा निर्णयसुद्धा निवडीचाच भाग असतो. मेलबर्नच्या लूना पार्कमधली १९१२ ची सीनिक रेल्वे किंवा कोनी आयलंडचा १९२७ चा सायक्लोन यांच्याबद्दलही हेच. लाकडी रोलर कोस्टरच्या फळ्या सतत बदलाव्या लागतात. संग्रहालयाला तिथे जागा आहे ती काढून टाकलेल्या फळीसाठी, तिच्यावरच्या खिळ्यांच्या भोकांसाठी आणि ती कोणत्या दिवशी का काढली हे लिहिलेल्या दुरुस्तीच्या वहीसाठी.

संग्राहकांच्या बाजूने एक मुद्दा मात्र बिनतोड आहे आणि तो मान्य केला पाहिजे. संग्रहालये झोपली होती तेव्हा हौशी लोक जागे होते. कोनी आयलंडचे स्टीपलचेस पार्क १९६६ मध्ये पाडले गेले, तेव्हा नवे मालक फ्रेड ट्रम्प यांनी पाहुण्यांना बोलावून काचेच्या दर्शनी भिंतीवर विटा फेकण्याचा समारंभच केला. खुद्द डिस्ने कंपनीचे अभिलेखागार १९७० मध्ये, म्हणजे डिस्नेलँड उघडल्यानंतर पंधरा वर्षांनी स्थापन झाले. मधल्या काळात पाट्या, गाड्या, कागद कचऱ्यात जात होते आणि जे वाचले ते पुष्कळदा कोणीतरी हौसेने घरी नेले म्हणून वाचले. हे ऋण खरे आहे. पण धान्य वाचवणाऱ्याचे आभार मानणे वेगळे आणि काय शिजवायचे हे त्यालाच ठरवू देणे वेगळे. संग्राहकाकडून वस्तू घेताना संग्रहालयाने त्याची किंमतयादी बाजूला ठेवावी आणि त्याच्या आठवणी लिहून घ्याव्यात: ही वस्तू कुठे, कधी, कोणाकडून मिळाली, मध्ये कोणी दुरुस्त केली. पुष्कळ संग्राहकांना हे तोंडपाठ असते. कोणी विचारलेले नसते, एवढेच.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप सुशिक्षितांचा असतो: हा सगळा एका कंपनीचा जाहिरातीचा कचरा आहे, त्याला संग्रहालयात जागा देणे म्हणजे कंपनीचे शोरूम उघडणे. यामागे असे गृहीत आहे की संग्रहालयात ठेवणे म्हणजे सन्मान करणे. तसे असते तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने बांगलादेशातल्या राना प्लाझा इमारतीत शिवलेली स्वस्त पँट आपल्या संग्रहात घेतली नसती. ती घेतली कारण ती इमारत २०१३ मध्ये कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या स्ट्राँग म्युझियमने २००५ मध्ये साधा पुठ्ठ्याचा खोका आणि २००८ मध्ये झाडाची काठी खेळण्यांच्या मानकरी यादीत घातली, ती कोणा उत्पादकाचे भले करायला नव्हे. वस्तू पुरावा म्हणून येते. पुरावा कोणाला सोयीचा, कोणाला गैरसोयीचा.

आक्षेपात तथ्य आहे ते वेगळ्या जागी. संग्रहालय कंपनीने दिलेल्या देणग्यांवरच विसंबले तर खरोखरच शोरूम होते. डिस्नेलँडच्या पन्नाशीच्या वर्षी, २००५ मध्ये, स्मिथसोनियनकडे उडत्या डंबो हत्तीची गाडी आली. वस्तू लाखमोलाची, दोन पिढ्यांना ती पाहताच ओळख पटते. पण वाढदिवसाला दिलेली भेट देणाऱ्याच्या आवडीची असते. त्याच डिस्नेलँडमध्ये १९८४ साली कर्मचाऱ्यांचा २२ दिवस संप झाला होता. संपाचे फलक, पत्रके, त्या काळचा गणवेश, गणवेशाबद्दलचे नियम यांची आठवण संग्रहालयाने स्वतःहून काढावी लागते. कोणतीही कंपनी ती वाढदिवसाला पाठवत नाही. ‘स्प्लॅश माउंटन’चेही तसेच. तिची पात्रे १९४६ च्या ज्या चित्रपटातून आली, त्यातल्या काळ्या मजुरांच्या चित्रणावर तो प्रदर्शित झाल्यापासून टीका होत आली, आणि अखेर त्याच कारणाने सफरीचे रूप पालटले गेले. डिस्नेलँडमधली मूळ सफर १९८९ ची, म्हणजे चित्रपटानंतर त्रेचाळीस वर्षांची. हा चित्रपट त्या वेळीही चालेल असे का वाटले, हे समजून घ्यायचे तर तिचे आराखडे, सूचना आणि पाहुण्यांनी काढलेले फोटो हवेत. बरणीतल्या पाण्याचा त्यात उपयोग नाही.

निवडीची शहाणी पद्धत आयती उपलब्ध आहे, ती नव्याने शोधायला नको. ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये निघालेल्या ‘सिग्निफिकन्स २.०’ या मार्गदर्शिकेत महत्त्वाच्या कसोट्या दोन पायऱ्यांत मांडल्या आहेत. मुख्य कसोट्या ऐतिहासिक, कलात्मक, वैज्ञानिक किंवा संशोधनविषयक, आणि सामाजिक किंवा आध्यात्मिक. वंशावळ, दुर्मीळता, अवस्था, आणि वस्तूतून अर्थ उलगडण्याची शक्ती या दुसऱ्या पायरीच्या, तुलनेच्या कसोट्या. मुख्य कसोट्यांवर उतरलेल्या वस्तूचे महत्त्व किती, हे तोलण्यासाठी. इथे दुर्मीळतेचा उल्लेखही एकटा येत नाही. ‘दुर्मीळता किंवा प्रातिनिधिकता’ असा जोडीने येतो. म्हणजे सर्वांत सामान्य असणे हीसुद्धा तितकीच वैध बाजू. स्वीडनच्या संग्रहालयांनी १९७७ पासून ‘सामडोक’ नावाच्या जाळ्याखाली समकालीन जीवनाचे संकलन आपसांत वाटून घेतले होते, तेही याच जाणिवेने: एकाने सगळे जमवायचे नाही आणि वस्तूबरोबर तिच्या वापराचे दृश्य, मुलाखत, फोटो घ्यायचे.

सगळे जमवता येत नाही याचे आणखी एक रोखठोक कारण म्हणजे द्रव्य. थीम पार्कच्या वस्तू बहुतेक प्लास्टिकच्या आणि प्लास्टिक अमर असते हा समज खोटा. मऊ पीव्हीसीतले तेलकट द्रव्य कालांतराने बाहेर येते आणि बाहुली चिकट होते. पात्रांच्या मुखवट्यांतला पॉलियुरेथेनचा फोम काही दशकांत चुरा होऊन सांडतो. जुन्या कचकड्याच्या वस्तूंतून आम्लधर्मी वाफ निघते आणि शेजारच्या वस्तूंनाही खाते, म्हणून त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. उष्णतेने छापलेली तिकिटे आपोआप पुसट होतात. गंमत म्हणजे संग्राहक ज्या पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटात ती प्रेमाने घालतात, त्या पाकिटामुळे अक्षरे आणखी लवकर उडतात. अशा तिकिटाची नक्कल पहिल्याच दिवशी काढून ठेवावी आणि नकलेलाच मुख्य नोंद मानावे.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंनी तर निवडीचा पायाच हलवला आहे. डिस्ने वर्ल्डने २०१३ मध्ये आणलेली मॅजिकबँड ही मनगटपट्टी तिकीट, खोलीची किल्ली आणि पाकीट अशी तिन्ही कामे करी. तिच्यातली बॅटरी काही वर्षांत संपते. माहिती पट्टीत नव्हतीच, ती कंपनीच्या सर्व्हरवर होती. संग्रहालयातली पट्टी म्हणजे रिकामा शिंपला. २०२१ पासून सफरीगणिक जादा पैसे भरून रांग टाळण्याची सोय मोबाइलवर आली. ई कुपन एका अर्थी परतले, पण या वेळी खणात उरायला काही नाही. त्या व्यवहाराचा पुरावा हवा असेल तर फोनच्या पडद्याची चित्रे, दरपत्रक, अटी आणि रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांच्या मुलाखती आत्ताच घ्याव्या लागतील. बाजार या कशालाच भाव देत नाही.

भारतातही हा प्रश्न आता दाराशी आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानालगतचे अप्पू घर १९८४ मध्ये सुरू झाले आणि २००८ मध्ये बंद होऊन तिथली जमीन सर्वोच्च न्यायालयाकडे गेली. पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ पासून चालली; गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ चे. एस्सेलवर्ल्डची जाहिरात पाठ असलेली पिढी आता पंचेचाळिशीच्या आसपास आहे, म्हणजे लिलावाच्या वयाला येऊ घातली आहे. मोठ्या पाटीसाठी आणि मुखवट्यासाठी कोणीतरी पैसे मोजेल, ती काळजी नाही. काळजी आहे ती गोराईच्या फेरीबोटीच्या तिकिटाची, शाळेच्या सहलीच्या परवानगीपत्राची, पाळण्यापाशी उंची मोजायला उभ्या केलेल्या पट्टीची, फुलराणीच्या चालकाच्या वहीची. मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट, म्हणजे बुटाच्या आकाराची ती वास्तू, कोणत्याही संग्रहालयात नेता येणार नाही आणि नेण्याचे कारणही नाही. पण त्याच्या खिडकीतून डोकावणाऱ्या मुलांचे फोटो मुंबईत घरोघरच्या अल्बमांत आहेत, आणि त्यांच्या मागे बहुधा तारीखही लिहिलेली आहे.

महाराष्ट्राला अशा निवडीची सवय नाही असेही नाही. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय १९२० च्या सुमारास सुरू झालेल्या एका माणसाच्या ध्यासातून उभे राहिले. दिवे, अडकित्ते, कुलपे, भांडी अशा, प्रत्येक घरात असल्यामुळे कोणालाच न दिसणाऱ्या वस्तूंनी ते भरलेले आहे. अडकित्ता कोणी दुर्मीळ म्हणून जमवला नव्हता. जमवणाऱ्याच्या काळात तो पैशाला पासरी होता.

निवडलेल्या वस्तूची नोंद होते ती अशी: नोंदक्रमांक, वस्तूचे नाव, द्रव्य, माप, कोणत्या उद्यानातली, कोणत्या साली वापरात, कोणी वापरली, कोणाकडून आली, त्यांनी सांगितलेली हकीकत, झीज आणि दुरुस्तीच्या खुणा, सोबतचे फोटो व ध्वनिमुद्रण, कोठाराचा क्रमांक. अंदाजे किमतीचा रकाना सर्वांत शेवटी असतो. विमा कंपनीला तो लागतो.